आईला मोठी बस, बाबांना व्हॅन

पत्र

नमस्कार ताई,
मी मूळची सांगलीची, सध्या ऑस्टिनला नोकरी करते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं मेक्सिकोच्या दक्षिण भागात जायचं म्हणतोय. मेक्सिको सिटीवरून ओआहाका, तिथून पुएर्तो एस्कोंदिदोचा समुद्र, मग सान क्रिस्तोबाल आणि शेवटी पालेंकेचे माया अवशेष. हाताशी बारा-तेरा दिवस आहेत. गाडी भाड्यानं घ्यायची नाही, बजेटही बेताचं आहे. बाबा म्हणतात, "आयुष्यभर वडापनं फिरलोय, तिथल्या व्हॅननंच जाऊ." आईला घाटात गाडी लागते, बाबांचा गुडघा दुखतो, आणि पुण्याहून भाऊ रोज फोन करून सांगतो, "बसबिस काही नको, लुटतील तुम्हाला." त्यात आई शाकाहारी. कुणाचं ऐकू?
— सांगलीकर लेक

उत्तर

प्रिय लेकी,

बाबांच्या डोळ्यांसमोर दुपारचा तासाभराचा प्रवास आहे आणि भावाच्या डोळ्यांसमोर रात्रीचा डोंगर. आपापल्या जागी दोघांचंही खरं आहे. म्हणून 'बस की व्हॅन' हा निर्णय सगळ्या सहलीसाठी एकदाच घेऊन टाकू नकोस, टप्प्याटप्प्यानं घे. माझं मत आधीच सांगते. लांबचं आणि रात्रीचं अंतर मोठ्या बसनं जा. दिवसाउजेडीचं दोन-तीन तासांचं अंतर व्हॅननं जा. आणि सान क्रिस्तोबाल ते पालेंके या एका टप्प्याला पैशांकडे बघूच नकोस.

मेक्सिकोच्या या भागात लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर एका मोठ्या कंपनीचा पगडा आहे: आदेओ. 1939 पासून चालणारी. ओ-से-से आणि आऊ या नावांच्या गाड्याही त्याच समूहाच्या. आऊ स्वस्त, जास्त थांबणारी. ओ-से-से चियापास राज्याकडे, म्हणजे तुमच्या सान क्रिस्तोबालकडे धावणारी. तिकिटावर आसन क्रमांक असतो, सामान पोटात जातं आणि त्याची पावती मिळते, मागे स्वच्छतागृह असतं. ती सामानाची पावती जपून ठेव, उतरताना तीच दाखवून बॅगा मिळतात. एसी इतका गार असतो की बाहेर घामाच्या धारा असल्या तरी आत शाल लागते. आईंची शाल आणि बाबांचा मफलर हातातल्या पिशवीत ठेव, डिकीत गेलेल्या बॅगेत नको.

तिकीट जितकं आधी काढशील तितकं स्वस्त पडतं, त्याच गाडीतल्या त्याच आसनाचं. कंपनीच्या ॲपवर परदेशी कार्ड कधी चालतं, कधी अडतं. अडलं तर बसस्थानकावर किंवा ओक्सो नावाच्या दुकानात रोख देऊन तिकीट घेता येतं, आणि ओक्सो तुला कोपऱ्याकोपऱ्यावर दिसेल. बाबा एसटीच्या सवयीनं ज्येष्ठांची सवलत विचारतील. ती तिथंही आहे, पण मेक्सिकोच्या ज्येष्ठ नागरिकांचं सरकारी कार्ड असलेल्यांना. त्यांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे खिडकीवर हिरमोड होणार नाही.

तुमच्या तारखांबद्दल मात्र घाई कर. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिकडे मृतांचा सण असतो आणि ओआहाका हे त्याचं मोठं ठिकाण. घरोघरी झेंडूच्या फुलांनी वेद्या सजतात, लोक रात्रभर दफनभूमीत मेणबत्त्या लावून आपल्या माणसांजवळ बसतात. हे आई-बाबांना दाखवण्यासारखं आहेच. पण देशभरातून माणसं येतात, म्हणून मेक्सिको सिटी ते ओआहाका हे तिकीट आणि राहायची जागा आजच ठरव. गाड्या 'तापो' या पूर्वेकडच्या स्थानकातून सुटतात, सान लासारो मेट्रो स्थानकाला लागूनच आहे ते. सहा-सात तासांचा रस्ता, टोलचा, बराचसा चांगला. दिवसाची गाडी घे, वाटेत उंच निवडुंगांचे डोंगर लागतात.

ओआहाकात पोहोचल्यावर बाबांची हौस भागवायची. बेसबॉल स्टेडियमजवळच्या हमरस्त्यावर उभं राहिलं की मित्ला आणि त्लाकोलुलाकडे जाणाऱ्या बसगाड्या आणि शेअर टॅक्सी एकामागून एक येतात. काचेवर गावाचं नाव लिहिलेलं असतं, हात केला की थांबतात. हे बाबांचं वडापच, त्यांना काही शिकवावं लागणार नाही. फक्त दोन गोष्टी. टॅक्सीत पुढे चालकाशेजारी दोघांना दाटीवाटीनं बसवतात, तिथं बाबांच्या गुडघ्याचे हाल होतील. तुम्ही तिघं आहात, तेव्हा मागची पूर्ण सीट घ्या. आणि चढताना सगळ्यांना उद्देशून 'बुएनोस दिआस' म्हणायचं, दुपारनंतर 'बुएनास तार्देस'. दक्षिणेतल्या गावगाड्यांत ही रीत अजून पाळली जाते. चढणारा म्हणतो आणि आतले सगळे उत्तर देतात. एवढ्या दोन शब्दांनी गाडीतली नजर बदलते. मग टोपली मांडीवर घेतलेली आजी सरकून जागा देते, कुठे उतरायचं ते चालकाला आठवण करून देते. उतरायचं असलं की 'बाहो आकी, पोर फावोर', म्हणजे इथं उतरतो.

या रस्त्यावर एल तूलेला अवाढव्य बुंध्याचं जुनं झाड आहे. जगातल्या सर्वांत रुंद खोडांपैकी ते एक. पुढे मित्लाला सापोतेक लोकांचे दगडी जाळीकामाचे वाडे आहेत. रविवार सापडला तर त्लाकोलुलाचा आठवडी बाजार चुकवू नका. एक अख्खा दिवस अशा गाड्यांतून काढा. भाडं किरकोळ असतं, घासाघीस करायची नसते, सुटे पैसे मात्र हवेत. मोठी नोट दिली की चालकाची पंचाईत होते. एक पेसो म्हणजे आपले साधारण पाच रुपये धर.

आता समुद्राकडे. ओआहाका ते पुएर्तो एस्कोंदिदो हा रस्ता पूर्वी आईंसारख्या माणसांना मी सांगितलाच नसता. सहा-सात तास नागमोडी घाट, अडीच हजार मीटरपर्यंत चढायचं आणि मग समुद्रसपाटीला उतरायचं. फेब्रुवारी 2024 मध्ये बारांका लार्गा ते व्हेंतानिया हा सुमारे 104 किलोमीटरचा नवा रस्ता सुरू झाला आणि तोच प्रवास तीन तासांच्या आसपास आला. किनाऱ्यावरच्या गावांचं आयुष्य त्यानं बदललंय. आजारी माणूस ओआहाका शहराच्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचू शकतो, याचं मोल आपल्यासारख्या पाहुण्यांच्या सोयीपेक्षा कितीतरी मोठं. या टप्प्याला व्हॅन घ्यायला हरकत नाही. ओआहाकात तिला 'सुबुर्बान' म्हणतात. शहराच्या मध्यभागाजवळ या व्हॅन कंपन्यांच्या छोट्या कचेऱ्या आहेत, भिंतीवर वेळा आणि भाडं लिहिलेलं असतं. आदल्या दिवशी जाऊन आईंसाठी चालकाशेजारची जागा मागून घे, तुमच्यासाठी लगेच मागची. तिकीट घेताना 'पोर ला आउतोपिस्ता नुएव्हा?' असं विचारून नव्या रस्त्यानं जाते याची खात्री कर. जुन्या रस्त्यावरच्या गावांना जाणाऱ्या गाड्या अजूनही घाटातूनच जातात.

उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, गाडी लागायला सुरुवात झाल्यावर नाही. तिथल्या औषधांच्या दुकानात द्रामामिने मिळतं. पण आईंना रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून गोळी घरूनच घेऊन जा.

किनाऱ्यावर मासुन्तेला एक दिवस जाऊन या. पोचुत्लाकडे जाणारी गाडी पकडायची, सान आंतोनियोच्या फाट्यावर उतरायचं, तिथून शेअर टॅक्सी किंवा कामियोनेता. कामियोनेता म्हणजे मागे आडवी बाकडी आणि वर ताडपत्री असलेला पिकअप टेम्पो. बाबांना मागे चढायचा मोह होईल, पण पायरी उंच असते. चालकाच्या केबिनमध्ये जागा मिळाली तर त्यांना तिथं बसव, नाहीतर टॅक्सीच घे.

यानंतरचा टप्पा लांबचा. किनाऱ्यावरून चियापासकडे जाणारी रात्रीची ओ-से-से बस घे, अकरा-बारा तास धर. इथं स्वस्त काही शोधू नकोस, भाडं जास्त वाटलं तरी एका रात्रीचं हॉटेल वाचतं. आसन गाडीच्या मधल्या भागातलं घे. अगदी मागे स्वच्छतागृहाचा वास येतो आणि झोके जास्त बसतात.

तुम्हा तिघांना मला सगळ्यांत नेटानं सांगायचंय ते याच रस्त्याबद्दल. चियापास हे ग्वाटेमालाच्या सीमेवरचं राज्य आहे आणि अमेरिकेकडे निघालेल्या स्थलांतरितांची वाट तिथूनच जाते. रस्त्यावर इमिग्रेशनची नाकी असतात, अधिकारी रात्रीही बसमध्ये चढतात. त्यांना भारतीय चेहरे नवे नाहीत. ऑक्टोबर 2019 मध्ये मेक्सिकोनं 311 भारतीयांना एका खास विमानानं दिल्लीला परत पाठवलं होतं, कागदपत्रांविना त्याच वाटेनं निघालेली माणसं ती. तेव्हा तुमच्या गाडीत कदाचित इतरांना सोडून तुम्हालाच पासपोर्ट विचारतील. यात घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आई-बाबांचा प्रवास पूर्ण कायदेशीर आहे. पण तो व्हिसा ज्यात आहे तो मूळ पासपोर्ट अंगावर हवा. मोबाइलमधला फोटो पुरत नाही. मेक्सिकोत उतरताना शिक्का मारतील त्यावर किती दिवसांची मुदत दिली आहे ते तिथंच उभं राहून वाच, आणि तुमची परतीची तारीख त्यात बसते ना ते बघ. रात्री पासपोर्ट उशाच्या पिशवीत ठेवा. बाबांना सांग, अधिकारी आला की दाखवायचा आणि परत घेऊनच झोपायचं. तुझा स्वतःचा व्हिसाही तपासून घे, म्हणजे परतताना अमेरिकेच्या दारात अडचण नको.

बसचं तिकीट थेट सान क्रिस्तोबालचं काढू नकोस, चियापासची राजधानी तुश्त्ला, तिथपर्यंतचं काढ. सकाळी तुश्त्लाला उतरा, सामान हॉटेलात किंवा स्थानकावर ठेवा, आणि तिथून जवळच चियापा दे कोर्सो गावातून सुमिदेरोच्या घळीत होडीनं फिरून या. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली नदी, काठावर मगरी. चालणं फार नाही, बाबांच्या गुडघ्याला झेपेल. रात्रभर बसून आलेल्या अंगाला बरं वाटेल. मग दुपारी व्हॅननं सान क्रिस्तोबाल, टोलच्या रस्त्यानं तासाभराचं अंतर, भाडं माणशी शंभर पेसोंच्या आसपास. भरली की सुटते, आणि या मार्गावर लवकर भरते. एखाद-दुसऱ्या जागेसाठी खोळंबली असेल आणि तुम्हाला ऐसपैस बसायचं असेल तर एक जास्तीची सीट विकत घ्यायची. बाबांना पाय लांब करता येतील, चालकाचंही नुकसान नाही. सुमारे पाचशे मीटरवरून तुम्ही दोन हजारांच्या वर चढाल, तेव्हा स्वेटर हाताशी ठेवा. नोव्हेंबरमधल्या तिथल्या संध्याकाळी चांगल्याच गार असतात. सान क्रिस्तोबालहून सान हुआन चामुला गावालाही बाजाराजवळून अशाच व्हॅन जातात. तिथल्या चर्चमध्ये जमिनीवर पाइनची पानं अंथरलेली असतात, लोक मेणबत्त्या लावून त्सोत्सिल भाषेत प्रार्थना करत असतात. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. मोबाइल बाहेरच बंद करून पिशवीत टाका.

आता तो एक टप्पा. नकाशावर सान क्रिस्तोबाल ते पालेंके ओकोसिंगोमार्गे पाच-सहा तासांचं दिसतं. व्हॅनही मिळतात, आधी ओकोसिंगोपर्यंत एक, पुढे दुसरी, आणि स्वस्तात. रस्ता वळणावळणाचा, गावागावात गतिरोधक. पण खरी अडचण ती नाही. या रस्त्यावर वारंवार रस्ता रोको होतात, कधी लाकडाचे ओंडके टाकून, कधी दोर आडवा धरून पैसे मागून, आणि लुटीच्या घटनाही घडल्या आहेत. मोठ्या बस कंपनीनंही या रस्त्याऐवजी वियाएर्मोसा शहरावरून वळसा घालून जायला सुरुवात केली, आठ-नऊ तास लागत असूनही. ज्यांचा रोजचा धंदा रस्त्यावर आहे ते लांबून जात असतील, तर तू आई-बाबांना घेऊन जवळून जाऊ नकोस, त्याच मोठ्या बसनं वळशानं जा. पहाटे निघून एका दिवसात धबधबे आणि पालेंके दाखवणाऱ्या सहली हॉटेलात विकतात, त्याही याच रस्त्यानं जातात. नको.

तिथल्या माणसांबद्दल मात्र मनात अढी ठेवू नकोस. ओकोसिंगो हे 1 जानेवारी 1994 ला सापातिस्तांनी, म्हणजे चियापासच्या आदिवासी बंडखोरांनी ताब्यात घेतलेल्या गावांपैकी एक. जमीन, शाळा, दवाखाना या मागण्यांसाठी इथल्या आदिवासी गावांनी फार मोठी किंमत मोजली आहे, आणि रस्ता अडवणं हे त्यांच्या हातातलं एक साधन आहे. ओआहाकातले शिक्षकही आपल्या मागण्यांसाठी हमरस्ते अडवतात. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर 'ब्लोकेओ', म्हणजे रस्ता रोको, लागू शकतो. लागला तर गाडीत शांत बसायचं, फोटो काढायचे नाहीत, वाद घालायचा नाही. स्थानिक प्रवासी उतरून चालत पलीकडे जातात आणि तिकडची गाडी पकडतात, पण आई-बाबांना घेऊन सामानासकट तुला तसं करायला लागू नये. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी तिकीट खिडकीवर किंवा हॉटेलात एवढंच विचार: 'आय ब्लोकेओ ओय?', म्हणजे आज कुठे रस्ता अडवलाय का? त्यांना आदल्या रात्रीपासून ठाऊक असतं.

भावाला सांगायचं ते असं: व्हॅन फक्त दिवसा, अंधार पडायच्या आत मुक्कामी. पैसे आणि कागद अंगाशी, थोडी रोकड वेगळ्या खिशात. एटीएममधून पैसे बँकेच्या आतल्या यंत्रातून काढायचे, रस्त्यावरच्या नाही. मुक्कामाचं गाव आणि पोहोचायची वेळ त्याला रोज कळवत जा. तो काळजीनं बोलतोय आणि त्याची काळजी अगदीच अनाठायी नाही.

आईंच्या जेवणाचं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. तिथं कोंबडीला बरेचदा मांसात धरत नाहीत आणि डुकराची चरबी नजरेला दिसत नाही. घोटलेल्या घेवड्यात ती असते, तामालच्या (मक्याच्या उकडलेल्या गोळ्याच्या) पिठात असते, ओआहाकाच्या त्लायुदा आणि मेमेला या मक्याच्या पोळ्यांवर 'आसिएन्तो' नावानं लावलेली असते. म्हणून पूर्ण पाढा म्हणायचा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, सिन आसिएन्तो', म्हणजे मांस, कोंबडी, चरबी, आसिएन्तो काही नको. कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेव. निर्धास्त खाण्यासारखं पुष्कळ आहे: मक्याची भाजलेली कणसं, लिंबू-तिखट लावलेला आंबा आणि काकडी, ओआहाकाच्या दोऱ्यांसारखं चीज भरलेली केसादिया, तळलेली केळी. आणि कुठल्याही गावात तोर्तियाच्या दुकानातून गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, वजनावर मिळतात. मका, चुना आणि पाणी, आत दुसरं काही नाही. त्यावर घरची शेंगदाण्याची चटणी पसरून आई बसस्थानकात पोटभर जेवतील. स्थानकांतल्या स्वच्छतागृहांना पाच-दहा पेसो लागतात, तेवढी नाणी प्रत्येकाच्या खिशात हवीत.

पालेंकेला गावातून अवशेषांपर्यंत दिवसभर व्हॅन चालतात, तिथं पुन्हा बाबांची मजा. उकाडा आणि दमट हवा असते, म्हणून सकाळी दरवाजे उघडताच आत शिरा. परतीसाठी सान क्रिस्तोबालला मागे येऊ नका. पालेंकेहून वियाएर्मोसा मोठ्या बसनं दोन-अडीच तासांवर आहे, विमान तिथूनच धरा. काही गाड्या थेट विमानतळावर थांबतात, तिकीट घेताना 'आएरोपुएर्तो' म्हणून विचार. विमानाच्या आदल्या रात्रीच वियाएर्मोसाला पोहोचलेलं असावं, त्याच दिवशी सकाळी निघायचं धाडस नको. बारा-तेरा दिवसांत हे सगळं बसत नसेल तर समुद्राकडचा एक दिवस कमी कर, ही शेवटची रात्र नाही.

— तुझी ताई